लाल कोणाच्या नावावर

मेहुणी : मोजूनच दाखवते, भावोजी. त्या मॅडमनी आज कुलपांच्या करारावर सही केली की तुमची मुख्य कचेरीत बदली. कोपऱ्यातली केबिन, दोन बाजूंना खिडक्या. दारात गाडी, गाडीत ड्रायव्हर. ताईला स्वतःचं स्वयंपाकघर, तुमच्या आईंच्या नजरेपासून लांब. आणि आमच्या अप्पांना 'जावई कसा निघाला बघा' म्हणून ऐकवायची संधी, ती वर. एवढं सगळं एका बाजूला. आता दुसरी बाजू सांगू?

भावोजी : हळू बोल. डेमो रूममध्ये आहे मी, मॅडम चार हातांवर बसल्यात. — ऑफिसचा फोन आहे मॅडम, एकच मिनिट! — दुसरी बाजू नंतर सांग.

मेहुणी : नंतर कशी? दुसऱ्या बाजूला अर्धं शहर कोंडलंय. सर्व्हर गप्प झालाय. आपण जिथं जिथं कुलपं विकली, तिथं तिथं लोक कार्ड लावतात, कुलूप सर्व्हरला विचारतं 'उघडू का?', आणि सर्व्हर ढिम्म. माझ्या स्टेटस कक्षाचंही दार बंद. मीही आतच.

भावोजी : इंजिनिअरला म्हणावं, सर्व्हर बंद करून परत चालू कर.

मेहुणी : म्हटलं. तो सर्व्हरच्या खोलीबाहेर उभा आहे, कार्ड हातात धरून.

भावोजी : बाहेर कशाला? आत जा म्हणावं त्याला!

मेहुणी : त्या दारालाही आपलंच कुलूप आहे. तुम्हीच हौसेनं बसवून घेतलंत. माहितीपत्रकावर फोटो आहे त्याचा.

भावोजी : बरं, बरं. आपलं स्टेटसचं पान कसं आहे?

मेहुणी : हिरवं. ग्राहकांना दिसतंय, 'सर्व सेवा सुरळीत.' हिरवंगार, डोळे निवतील असं. मदतनीस, सांग बाबा साहेबांना.

मदतनीस : नमस्कार साहेब. मी एआय मदतनीस, याच फोनवर आहे. पानावरचं 'सुरळीत' आता खरं नाही. लाल करण्याचा मजकूर तयार आहे. पान लाल झालं की सगळी कुलपं सर्व्हरला विचारायचं सोडून देतात आणि मूठ हातानं फिरते. इंजिनिअरचं दारही तसंच उघडेल. फक्त आपली मंजुरी हवी.

भावोजी : लाल नाही. पिवळं कर. 'काही ग्राहकांना किरकोळ विलंब.'

मदतनीस : पिवळ्यानं कुलपं सुटत नाहीत. शिवाय विलंब किरकोळ नाही, आणि काही ग्राहकांना नाही, सगळ्यांना आहे. मला तसं लिहिता येणार नाही.

भावोजी : हा मला शिकवतो? कोणी आणला याला?

मेहुणी : तुम्हीच. 'माणसं घाबरून भलतंसलतं लिहितात, हा मोजकं लिहील' म्हणालात. तो मोजकंच लिहितोय, भावोजी. तुम्हाला ते जड जातंय.

भावोजी : अगं, जरा समजून घे. मॅडमनी आपल्या पानाची सूचना स्वतःच्या फोनवर लावून घेतलीय. आत्ता लाल केलं तर माझ्यासमोर त्यांच्या पर्समध्ये घंटी वाजेल. — नाही नाही, दार मुद्दाम बंद ठेवलंय मॅडम, बाहेरचा आवाज येतो ना! — दहा मिनिटं दे. सर्व्हर येईल ताळ्यावर.

मेहुणी : कोण आणेल त्याला ताळ्यावर? बाहेर उभा असलेला इंजिनिअर खिडकीतून हाका मारून?

भावोजी : दारं जरा वेळ बंद राहिली तर कोणी मरत नाही.

मेहुणी : तेच सांगायला फोन केला होता. वृद्धाश्रमात सेवेला असलेल्या मावशींचा तिसरा फोन येऊन गेला. त्यांच्याकडे तिसऱ्या मजल्यावर शिंपी आजोबा आहेत, मधुमेहवाले. मावशींनी त्यांना जेवणाआधीचं इन्शुलिन टोचलं आणि ताट आणायला खाली गेल्या. ताट घेऊन वर येतात तर दार बंद. सुई आत, जेवण बाहेर, आणि अंगातली साखर घसरतेय.

भावोजी : खोलीत काहीतरी असेल की गोड. बिस्कीट वगैरे.

मेहुणी : त्यांना साखर आहे म्हणून मावशींनीच खोलीतलं झाडून काढलंय. बाई दाराशी बसून रडतायत, ताट मांडीवर.

भावोजी : किल्ली? प्रत्येक ठिकाणी एक जुनी किल्ली ठेवतात.

मेहुणी : ठेवायचे. तुम्ही विकायला गेलात तेव्हा काय म्हणालात? किल्ल्यांचा जुडगा म्हणजे चोराला आमंत्रण. त्यांनी ऐकलं तुमचं. जुडगा भंगारात गेला.

मदतनीस : अग्निशमन दलाला मी कळवलं आहे. गाडी निघाली आहे, पण त्यांच्याकडे आज अशाच बंद दारांचे खूप फोन आहेत. किती वेळ लागेल ते सांगत नाहीत.

भावोजी : मग झालं तर! येतायत ना ते?

मेहुणी : भावोजी, एक वाक्य आहे. 'पान लाल करा, माझी मंजुरी आहे.' गाणं म्हणायला सांगत नाहीये मी.

भावोजी : टाइप करून पाठवतो.

मदतनीस : टाइप केलेली मंजुरी चालत नाही. आपलाच नियम आहे, साहेब.

मेहुणी : माझ्या भाचीनं तुमच्या फोनवर खेळता खेळता लाल दाबलं होतं, आठवतंय? अर्ध्या शहराची कुलपं सुटली होती. तेव्हापासून तुम्ही फर्मान काढलंत: मंजुरी फक्त साहेबांची, साहेबांच्याच आवाजात, स्पष्ट शब्दांत. खुणा नकोत, आडवळण नको.

भावोजी : ...पान लाल करा... माझी...

मदतनीस : माफ करा, कुजबुजीतून आवाजाची ओळख पटत नाही. नेहमीच्या आवाजात सांगाल का?

भावोजी : नेहमीच्या आवाजात! ही खोली केवढीशी आहे माहीत आहे का तुला? इथं शिंकलं तरी भिंती ऐकवतात. — काही नाही मॅडम, घरचंच. मेहुणी आहे. हो, इथंच लावलीय नोकरीला. — बघ, तुझं नावही निघालं इथं.

मेहुणी : माझं नाव कशाला पुढं करता? दार उघडत नाही हे सांगा की त्यांना. शहाण्या दिसतात, समजून घेतील.

भावोजी : शहाण्या आहेत म्हणून तर सांगता येत नाही! आत्ताच त्यांना म्हणालो, आमचं पान पुन्हा लाल व्हायचं असेल तर मला राजीनामा द्यावा लागेल. हसल्या त्या. म्हणाल्या, असा माणूस हवा.

मेहुणी : असं कशाला बोलायचं माणसानं?

भावोजी : बोललो खरा. आता ते गिळू कसं?

मदतनीस : साहेब, दुसरा मार्ग आहे. मंजुरी देणारा अधिकारी स्वतःच अडकला असेल, तर अधिकार स्टेटस कक्षाकडे जातो. मालकांनी घातलेला नियम आहे. आपण अडकला आहात का?

भावोजी : मी? छे. आम्ही आरामात बसलोय. बोलणं चाललंय.

मेहुणी : भावोजी!

भावोजी : अडकलो असं नोंदलं तर ते पानावर कारण म्हणून येतं. कुलूपवाला स्वतःच्या कुलपात. पोरं आयुष्यभर हसतील मला. तुझी ताई हसेल.

मेहुणी : ताई हसणार नाही. ताई रविवारी तिकडचं घर बघायला निघालीय. पडद्यांची मापं घेऊन बसलीय. तिचा विचार करूनच तुम्हाला एवढा वेळ गोड बोलतेय मी. नाहीतर कधीच मालकांना फोन लावला असता.

भावोजी : मालक विमानात आहेत.

मेहुणी : तेही बघून ठेवलंत?

मदतनीस : मावशींचा फोन आहे. मी त्यांच्याशी दुसऱ्या लाइनवर बोलतो आहे. आजोबा इतका वेळ आतून उत्तर देत होते. आता बोलणं अडखळतंय. मावशींना विचारतायत, 'तू कोण?'

मेहुणी : ऐकलंत?

भावोजी : अग्निशमनवाले...

मेहुणी : मदतनीस, लिही. मी स्टेटस कक्षातून सांगते, साहेब डेमो रूममध्ये अडकलेत.

मदतनीस : साहेब स्वतः म्हणतात, नाही अडकले. मला तुमच्या दोघांत निवाडा करता येत नाही, आणि अधिकार मी स्वतःकडे घेऊ शकत नाही. साहेब, आपण अडकला नसाल तर कृपया दार उघडून बाहेर या. मी थांबतो.

भावोजी : वा! मॅडमसमोर उठून दाराशी झटापट करू?

मेहुणी : अडकला नाहीत ना? मग झटापट कसली?

भावोजी : तू माझ्या बाजूची आहेस का नाहीस? तुला या खुर्चीत कोणी बसवलं?

मेहुणी : तुम्हीच. रोज सकाळी आठवण करून देता, विसरायची सोय नाही. पण त्या म्हाताऱ्याला कोणी बसवलं तिथं? त्याला तर खुर्चीही नको होती, भावोजी. ताट हवं होतं.

भावोजी : पाच मिनिटं. फक्त पाच. सर्व्हर— मॅडम, कुठं निघालात? वॉशरूम? हो हो, डावीकडे, पण जरा... आधी हा दुसरा नमुना बघून घेतला असता तर... नाही, तसं नाही, मॅडम, तुम्ही बसा, मी— मॅडम, थांबा!

मदतनीस : मूठ फिरवल्याचा आवाज आला. पुन्हा आला. साहेब, दार उघडलं का?

मेहुणी : बोला.

मदतनीस : साहेब, हो किंवा नाही एवढंच पुरेल.

भावोजी : ...नाही.

मदतनीस : नोंदलं. अधिकार स्टेटस कक्षाकडे आला. बाई, आपण काय सांगता?

मेहुणी : लाल. पान लाल करा, माझी मंजुरी आहे.

(दारं उघडल्यानंतर. भावोजी स्टेटस कक्षाच्या उंबऱ्यात उभे.)

भावोजी : मॅडम गेल्या.

मेहुणी : सही?

भावोजी : वॉशरूमला गेल्या त्या तिकडूनच परस्पर गाडीत बसल्या. पेनही माझं घेऊन गेल्या.

मेहुणी : आजोबांना दवाखान्यात नेलंय. दार सुटल्याबरोबर मावशींनी साखरेचं पाणी लावलं ओठांना, पण गिळता येत नव्हतं. सलाइन लावल्यावर डोळे उघडलेत. बोलत नाहीत. मावशींना आश्रमवाल्यांनी घरी बसवलंय, चौकशी होईपर्यंत. सुई देऊन खोली सोडलीच कशी, म्हणतात.

भावोजी : वाईट झालं. खरंच. — मालकांचा फोन आला होता, विमान उतरल्या उतरल्या. पहिलं वाक्य, लाल कोणी केलं?

मेहुणी : मग?

भावोजी : मी काय सांगणार? पानावर दिसतंच. मंजुरी : स्टेटस कक्ष. तुझं नाव.

मेहुणी : आणि ते का केलं, ते?

भावोजी : सांगणारच होतो. पण ते बोलतच होते, मध्ये तोंड घालणं बरं दिसत नाही. तुझी बाजू मात्र मांडली मी.

मेहुणी : काय मांडलीत?

भावोजी : म्हटलं, घरची मुलगी आहे, अजून शिकतेय. रागात होते म्हणून, नाहीतर ऐकलं असतं. तू सोमवारपासून तक्रार विभागात बस. तात्पुरतं. खालच्या मजल्यावर.

मेहुणी : खिडकी नसलेल्या खोलीत.

भावोजी : पंखा आहे.

मेहुणी : आणि तुमची बदली?

भावोजी : पुढं ढकललीय. रद्द नाही. — आता एक कर. ग्राहकांसाठी जो खुलासा जाईल, त्यात उशिराचं कारण येतं ना? तिथं 'तांत्रिक कारणानं मंजुरीस विलंब' टाक.

मदतनीस : साहेब, ते कारण खरं नाही. कंपनीच्या आतल्या नोंदीत आपला फोन जसाच्या तसा आहे. खुलाशात किती सांगायचं ते स्टेटस कक्षानं ठरवायचं. कमी लिहू शकतो, खोटं नाही.

भावोजी : म्हणजे हिच्या हातात आहे?

मदतनीस : सोमवारपर्यंत, हो.

मेहुणी : घाबरू नका. मघाशीच ताईचा फोन आला होता. पडद्यांचा रंग विचारत होती मला, मोतिया घेऊ का आकाशी. काय सांगणार होते मी तिला? की तुझा नवरा एक वाक्य बोलला नाही म्हणून एक म्हातारा माणसं विसरला? तिनं कुठं जायचं मग? तुमच्या आईंकडेच ना, त्याच स्वयंपाकघरात?

भावोजी : तू समजूतदार आहेस. मी नेहमी म्हणतो.

मेहुणी : समजूतदार नाही हो. मला दुसरं दार दिसत नाही. मदतनीस, उशिराचं कारण : चौकशी चालू.

मदतनीस : ठीक. तेवढं खरं आहे. ज्यांना झळ बसली त्यांची यादी वाचतो. वृद्धाश्रमातले एक रहिवासी. त्यांची काळजी घेणाऱ्या बाई. इतर ग्राहक, सगळे. आपल्या इमारतीत सर्व्हर खोली, स्टेटस कक्ष. डेमो रूम धरायची का?

मेहुणी : साहेबांना विचार.

भावोजी : डेमो रूम... नको. तिथं तसं काही झालं नाही.

मदतनीस : बाई?

मेहुणी : त्यांना काही झालं नाही म्हणतात ना. राहू दे.

मदतनीस : सर्व्हर आता व्यवस्थित चालतो आहे. पान हिरवं करता येईल. साहेब मोकळे आहेत, त्यामुळे मंजुरी त्यांचीच लागेल.

भावोजी : पान हिरवं करा. माझी मंजुरी आहे.

मेहुणी : खणखणीत आवाज आहे तुमचा, भावोजी.

मदतनीस : आवाजाची ओळख पटली. पान हिरवं झालं. लाल यांच्या नावावर, हिरवं आपल्या. आणखी काही, बाई?

मेहुणी : मावशींना घरी फोन लाव. म्हणावं, दवाखान्यात गेलं तरी चालेल, कोणी अडवणार नाही. आजोबा एखादे वेळी तुम्हालाच आधी ओळखतील.