बंदुकीची कडी लागंना

माझं माहेर खर्ड्याकडलं, किल्ल्याच्या पल्याड, सगळं कुसळाचं रान, पाऊस आला तर आला, न्हाई तर न्हाई. दिवाळी सरली की आय न बा कोयतं बांधून निघायची, मागं आमी पोरं, ट्रकात भांडी, कोंबड्या, शेळी, सगळं एकावर एक. माझं बालपन म्हनाल तर फडातच गेलं बघा, ह्याच संगमनेरच्या अंगाला, प्रवरेच्या काठानं. मी शहानी झाले तशी आयनी मला एक गोष्ट शिकवली, उजाडायच्या आधी उसात जायचं, डबा पदराखाली धरायचा, वाजू द्यायचा न्हाई, पाचटावर पाय दाबून टाकायचा, खाकरायचं सुदीक न्हाई. बाईमानूस बाहेर गेलं ते कुनाला कळता कामा नये, म्हनायची, आपल्याकडं दुसरं काय हाय, एवढी आब तेवढीच हाय. मी तशीच जायची. फडातल्या सगळ्या बाया तशाच जायच्या. तुमी म्हनाल बंदुकीचं इचारलं न ही म्हातारी डब्याचं सांगती, पन ऐका, त्येच्याशिवाय बंदुकीचं काय कळायचं न्हाई.

तर ह्या घरात मला दिली ती सासूनं फडावर बघून. मी मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकात चढत हुते, न ही बाई बांधावर उभी ऱ्हाऊन बघती. बाला म्हनली, ही पोर मला द्या. बघितली तिनं मोळी, मी न्हाई, असं मी पुढं लई दिस म्हनायची न ती हसायची. लई खमकी बाई, लई देवाधर्माची. दारात नवी केरसुनी आली तरी हळदकुकू लावल्याबिगर तिला हात लावू द्यायची न्हाई. आमचे हे पलटनीत हुते, पेन्शन घेऊन आले न कारखान्याच्या गेटवर वाचमन लागले. नदीकडंला थोडा ऊस, थोडी मका, दोन गाया. आनि धाकटं दीर लक्षुमनभावजी, त्यांचं लगीन व्हायचं हुतं. असं आमचं घर.

नव्वद सालाच्या म्होरली गोष्ट सांगती मी. डुकरांनी मका लोळवून लोळवून आमाला नको करून सोडलं हुतं, म्हनून ह्यांनी अर्ज केला, हेलपाटं घातलं, न पिकाच्या राखनीला बंदुकीचा परवाना काढला. पन त्याच वक्ताला उसात बिबट्या यायला लागला, आमी वाघच म्हनतो त्येला. आधी वस्तीवरलं कुत्रं गेलं, मंग शेळ्या गेल्या, न एका सकाळी भावजींची कालवड. कालवड म्हंजी भावजींचा जीव हुता, आय मेलेली, त्यांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. मागला पाय तेवढा घावला पाटाच्या कडंला. भावजी तिथंच बसलं, पायातली वहान काढली, पाटात फेकली न म्हनलं, त्येला मारल्याबिगर आता पायात घालायचं न्हाई. हे म्हनलं, येड्या, वाघाला मारलं तर सरकार जेलात घालतंय, परवाना डुकरांचा हाय न तो बी माझ्या नावाचा. भावजी तसंच अनवानी घरी गेलं. तवापासनं मला धास्ती लागली, का, तर घाट उतरून पुन्हा ऊस तोडायला कोयत्याची मानसं यायची हुती, त्यांच्या पाचटाच्या कोप्या आमच्या बांधाला लागायच्या, न त्यातल्या बाया उजाडायच्या आधी कुठं जानार हे मला सांगायला नको हुतं.

दसऱ्याच्या तोंडावर बंदूक आली. नवी कोरी, लाकडाचा वास येत हुता. त्येच्यात ती कडी असती, हे बोल्ट म्हनायचे, आमी कडीच म्हनायचो, दाराच्या कडीवानी पुढं सरकवायची न खाली पाडायची, मंग बंदूक मिटती. खंडेनवमीला सासूनं पाट मांडला, इळा, कोयता, कुळवाची पास, सगळं धुऊन ठेवलं न मधी बंदूक. ह्यांची पलटनीतली सवय, बंदूक घरात ठेवायची तर कडी मागं वढून, उघडी, रिकामी हाय हे येनाऱ्या-जानाऱ्याला दिसावं म्हनून. सासूनं सगळ्या हत्यारांना कुकू लावलं, अक्षदा वाहिल्या, नारळ फोडला, पानी शिपडलं. वरनं वरनं काय पूजा करायची, म्हनली, न त्या उघड्या तोंडात बी टाकल्या चार अक्षदा न नारळाचं पानी. हे नारळाचं खोबरं काढत बसले हुते. कुनी बघितलं, कुनी न्हाई, कुनाला काय त्येचं.

दुसऱ्या दिशी ह्यांनी बंदूक पुसली न कडी ढकलली. पुढं गेली, खाली यायला लागली न मधीच अडली. दाबली, न्हाई. सोडून पुन्हा ढकलली, न्हाईच. काडतूस घालून बघू म्हनलं भावजी, हे वरडलं, बिनकाडतुसाची लागंना तर काडतुसाची कशी लागंल, बाजूला हो. मंग म्हनलं, कारखान्यातनं निघताना गंजू नये म्हनून ग्रीस भरत्यात, ते ऱ्हायलं असंल. रॉकेलची वाटी घेतली, दांड्याला चिंधी गुंडाळली, आतनं बाहेरनं धुतलं. लालसर घान निघाली. हे म्हनलं, रंग असंल. न कडी लागली बघा, खट्ट. भावजी तेवढ्यात हसलं, कालवड गेल्यापासनं पैल्यांदाच हसलं.

दिवाळीला लक्ष्मीपूजनाला पुन्हा बंदूक पाटावर. सासू म्हनली, मागच्या येळंला रुसली हुती, आता नीट करते. नीट म्हंजी काय, मूठभर अक्षदा. न पाडव्याला कडी पुन्हा अडली! आता मातुर सगळ्यांचं तोंड उतरलं. सासू म्हनली, देवी न्हाई म्हनती, परत करा. भावजी म्हनलं, देवी बिवी काय न्हाई, फॅब्रिकेशनवाल्याकडं नेतो, कानशीनं जरा घासून घेतो, आत्ता लागंल. हे असं चिडलेलं मी कधी बघितलं न्हवतं, कानस लावली तर गोळी म्होरं जायची सोडून मागं येईल, माझं तोंड ऱ्हाईल का जाग्यावर, म्हनलं. सासूनं कानावर हात ठेवलं.  बंदूक कोपऱ्यात उघडीच, न मी तिथनं केर काढताना अंग चोरून काढायची.

हे नगरला बंदुकीच्या दुकानात घेऊन गेले. जाताना दुकानदाराफुडं तेलकट, कुकवाळलेली न्यायला लाज वाटली म्हनून पुन्हा रॉकेलनं धुऊन, पुसून नेली. दुकानदारानं कडी ढकलली, खट्ट. पुन्हा ढकलली, खट्ट. तो म्हनला, फौजी, बंदुकीला काय झालेलं न्हाई, तुमचा हात बघा. हे असं खाली मान घालून आले. न दारात सासू ताम्हन घेऊन उभी! लांबचा परवास करून आलेलं हत्यार, ववाळल्याबिगर आत कसं घ्यायचं. ववाळलं, कुकू लावलं, त्या उघड्या तोंडात पुन्हा अक्षदा टाकल्या. ह्यांना ड्यूटीची घाई, बंदूक कपाटात ठेवली न सायकल काढली. भावजींनी तेवढं इचारलं, लागती का. हे म्हनलं, लागती. मला वाटलं, का बोलले हे.

कोयत्याची मानसं येऊन दोनचार दिस झाले हुते. माजलगावकडली टोळी, त्यात एक नवी नवरी हुती, बारीक पोरगी, हातातला चुडा अजून कोरा. झुंजुमुंजु हुतं न मी धार काढायला उठले, तर कपाट उघडं. आत बंदूक न्हाई. बादली तिथंच टाकली न बांधाकडं पळाले. भावजी लिंबाखाली बसलेलं, अनवानी, बंदूक खांद्याला, तोंड उसाकडं. न उसाचं शेंडं हलत हुतं. वाघ चालतो तवा ऊस खालनं हलतो, शेंड्याला कळत न्हाई. शेंडं हलत्यात ते मानूस कोपरानं पाला बाजूला करतं तवा. आयुष्य काढलंय मी त्येच्यात, मला लगीच कळलं ते काय हाय. पन वरडू कशी? मी वरडले न भावजींचं बोट दचकलं तर? तोंडाला पदर लावला न तशीच धावले, पाय माझं मातीत रुतत हुतं न म्होरं जात न्हवतं.

भावजींनी घोडा वढला. टक्. नुसतं टक्.

आरं, म्हनलं भावजी न कडीवर हाताचा तळवा मारला, ती अर्धीच बसली हुती, अंधारात त्यांना दिसली न्हाई. पुन्हा मारला. तवर मी पोचले न नळी वर उचलली, दोघं बी पडलो. न उसातनं ती नवरी बाहेर आली. डबा पदराखाली, पाय दाबून, आवाज न्हाई काय न्हाई. पुरुषमानूस बघितलं न तिनं झटक्यानं डोक्यावरनं पदर वढला, मान खाली घातली न कडंकडंनी कोपीकडं गेली. लाज वाटली तिला, दुसरं काय. तिला कळलंच न्हाई. भावजी मातुर पांढरंफट पडलं, तोंडात मूठ घालून रडायला लागलं, वयनी, मी काय करत हुतो, वयनी, मी काय करत हुतो.

हे ड्यूटीवरनं आले न टॉर्च लावून आत बघितलं. कडीला खाली जिथं बसायचं असतं त्या खाचंत कुकवाचा लगदा, वाळून गोंदावानी झालेला, न त्यात अक्षदा. सुईनं एकेक दाना काढला माझ्या हातावर. म्हनलं, कडी पुरी बसली नसंल तर घोडा पडून बी गोळीपत्तोर पोचत न्हाई. सासू म्हनली, मी सांगत हुते, देवी पोटात बसली हुती. एरवी हे सासूला दोन शब्द सुनावत, त्या दिशी खाच पुसत ऱ्हायले. सगळं साफ करून कडी ढकलली. खट्ट. किती गोड लागली! न मला मंग खरी भीती वाटली बघा, आता हिला आडवनारं कोन ऱ्हायलं.

निवडनूक आली तशी सगळ्यांच्या बंदुका ठान्यात जमा झाल्या. लोकांनी सोडवून आनल्या. ह्यांनी न्हाई आनली, न मी बी कधी ती काढा म्हनलं न्हाई. आता सासू गेली, हे गेले. भावजी हायत, अजून अनवानीच. लोक म्हनत्यात माळकरी मानूस, नवस असंल कसला तरी. आमी दोघं काय बोलत न्हाई.

पन टोळी उतरली की मी पैल्या दिशी गूळ न भुईमुगाच्या शेंगा घेऊन कोप्यांवर जाती. पोरींना जवळ बशिवती न म्हनती, बायांनो, उसात जाताना डबा वाजवा, खाकरा, एकमेकीला हाका मारा, कुनाला कळलं तर कळू द्या. त्या तोंडाला पदर लावून हसत्यात, म्हनत्यात म्हातारीला लाज न्हाई. न्हाई तर न्हाई. माझ्या आयनं मला आब शिकवली, तिचं काय चुकलं न्हाई, पन मी पोरींना उलटं शिकवती. झुंजुमुंजु झालं की वट्ट्यावर येऊन बसती. कुठनं तरी डबा वाजला, एखादी खाकरली, की म्हनती, सुखी ऱ्हा बाई, न मंग चुलीवर च्याचं आधन ठेवती. एखाद्या दिशी कायच ऐकू आलं न्हाई तर तशीच बसून ऱ्हाती, थंडी असू द्या, काय असू द्या, उसाच्या शेंड्यांकडं बघत.