दोन्हीकडे एकच नोंद

(२००६. दिवाळीचा पाडवा, दुपार. फोनवर : उत्तरेश्वर, वारज्याच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या ऑफिसातून, दीनानाथ, शहरातल्या रक्तपेढीतून.)

दीनानाथ : काढली कॉम्प्युटरची नेटवर्कची वायर. पुढे?

उत्तरेश्वर : शेवटी सत्तावीस नंबर असलेली पिशवी तुमच्याकडं काय दाखवते, सर?

दीनानाथ : शिल्लक.

उत्तरेश्वर : इकडं हॉस्पिटलच्या नोंदीत राखीव झाली. म्हणजे चुकलं.

दीनानाथ : गेल्या महिन्यात हेच झालं. बाई ऑपरेशनच्या टेबलावर आणि तिच्या नावाची पिशवी आम्ही दुसरीकडे दिलेली. मी रिक्षाने दुसरी घेऊन धावलो. वाचली, पण तुमच्या कंपनीच्या कृपेने नव्हे.

उत्तरेश्वर : माहितीय, सर. ती सेटिंग माझीच होती.

दीनानाथ : ...असं. म्हणून आज सणाचं बसलात?

उत्तरेश्वर : बाकीचे गावी गेलेत. थांबा, बघूलालो... बघतोय.

दीनानाथ : लातूरकडचे का?

उत्तरेश्वर : औशाजवळचा. कसं ओळखलंत?

दीनानाथ : आमचा ड्रायव्हर होता, वैजनाथ. असंच बोलायचा. तुम्ही नाही गेलात गावी?

उत्तरेश्वर : आई होती तोवर जायचो. मार्चमध्ये गेली. घराला कुलूप आहे.

दीनानाथ : हं.

उत्तरेश्वर : सापडलं, सर! तुमच्याकडं निरोप नेणारी कॉम्प्युटरमधली रांग या नोंदीच्या व्यवहारात जोडलेलीच नव्हती. तुमचा होकार यायच्या आधीच हॉस्पिटल आपली नोंद पक्की करून मोकळं. आता जोडली. दोघांनी 'तयार' म्हटलं तरच दोन्हीकडं बदल, नाहीतर कुठंच नाही.

दीनानाथ : म्हणजे अर्धवट काम करायचं नाही. एवढं कळायला इंजिनिअर लागतो?

उत्तरेश्वर : लागला खरा. वायर काढलेलीच ठेवा. पाठवतो... तीस सेकंद तुमच्या होकाराची वाट बघेल ते.

दीनानाथ : बघू दे.

उत्तरेश्वर : तुम्ही कसे आलात आज, सर? दुसऱ्या कुणाला सांगायचं होतं.

दीनानाथ : पाडव्याला ओवाळणारी होती तोवर मीही सुट्टी घेत होतो.

उत्तरेश्वर : वीस झाले, सर...

दीनानाथ : झाले का तुमचे तीस?

उत्तरेश्वर : झाले. हॉस्पिटलकडं परत शिल्लक! तुमच्याकडं?

दीनानाथ : शिल्लक.

उत्तरेश्वर : आता वायर लावा. परत पाठवतो.

दीनानाथ : लावली... राखीव.

उत्तरेश्वर : इकडंही राखीव. जमलं, सर!

दीनानाथ : उद्यापासून कुणाला रक्तासाठी टेबलावर ताटकळावं लागणार नाही, एवढं बघा. जेवलात का?

उत्तरेश्वर : खालचं हॉटेल बंद आहे. बिस्किटं आहेत.

दीनानाथ : माझ्याकडे डबा आहे, पण तो फोनमधून जात नाही. बरं, ठेवतो. काम झालं.

उत्तरेश्वर : हो, सर... सर?

दीनानाथ : काय?

उत्तरेश्वर : अजून एकदा करून बघायचं का?

दीनानाथ : का? चुकलं कुठे?

उत्तरेश्वर : नाही. बरोबर आहे सगळं.

दीनानाथ : ...थांबा. खुर्ची जरा जवळ ओढून घेतो.