जाकिटातली बडीशेप

शेजारी म्हणाले म्हणून चार्जर बदलला, तरी फोन तासन् तास तारेलाच. नांदेडहून लेक फोन करायची, तो मध्येच बंद पडायचा. ती म्हणे, "बाबा, मुद्दाम तोडता!"

शेवटी औशाच्या स्टँडजवळ दुकानात दाखवला. दुकानदारानं चार्जिंगच्या भोकातून टाचणीनं बडीशेपेचा चुरा काढला.

"काका, फोन जाकिटाच्या खिशात ठिवता का?"

"हाव. जेवण झालं की त्या खिशात मूठभर बडीशेप टाकायची बायकोची सवय."

"मंग काकूला सांगा, टाकत जाऊ नका."

जाकीट गेल्या थंडीनंतर आत्ताच कपाटातून काढलेलं. बायको पावसाळ्यातच गेली.

म्हणालो, "तुम्हीच सांगा बाबा. माझं तिनं कधी ऐकलंय?"