धुऱ्यावरून उचललेली गाडी

...आता तुमीच सांगा, आपल्या देवाले भेटाले गेलेल्या मानसाची गाडी कोनी उचलून नेते काय? नेली ना! क्रेन लावून, पुढची दोन चाकं हवेत करून... अन् वरून मलेच म्हनतात, पैसे भरा!

तुमाले सांगतो, दवनीवाड्याकडं जाताना रोडले लागून आमची धानाची बांधी होती. होती म्हनतो, कारन दोन वर्षांआधी इकली. इकाची काही गरज नव्हती बरं, पन आजूबाजूच्या सगळ्यायनं इकली, लेआउट पडले, मले वाटलं आपन काऊन मागं राहाचं? इकली, अन् त्याच पैशातून ही पांढरी गाडी घेतली. कागदपत्र सगळे बरोबर. फक्त धुऱ्यावरच्या, म्हंजे बांधावरच्या, मोहाच्या झाडाखाली आमचा शेंदराचा देव हाये, त्याचं काय कराचं हे ना मले सुचलं, ना घेनाऱ्याले. जमीन गेली, देव तिथंच राहिला.

अन् आमच्या बाबूजीची रीत अशी का नवा तांदूळ आला तं पहिले देवाले, मंग आपल्याले. तोवर नव्या भाताचं शीत तोंडात नाही घेत. आता बांधीच नाही तं नवा तांदूळ कुठला? जावयाच्या शेतातून मागून आनला! माझ्या बायकोनं, प्रेमिलानं, छोट्या गंजात भात शिजवला, वरून ताटली ठेवली, अन् निघालो बापलेक.

लेआउटचं गेट उघडंच होतं. पहिले जिथं बैलबंडी सोडत होतो तिथंच, सवयीनं, गाडी लावली. आता तिथं त्यायचा नमुन्याचा बंगला हाये, गिऱ्हाइकाले दाखवाले, हे कोनाच्या ध्यानात राहाते? बाबूजी देव धूत बसले, गवत उपटत बसले, त्याच्याशी बोलत बसले... मंग म्हनले, जाय, भात आन. मी बंगल्याले वळसा घालून पाहातो तं गाडीच नाही. भात गाडीत, अन् गाडी गायब!

गेटवर मुन्नालाल. हा मुन्नालाल आमच्याच बांधीत दरसाल धान रोवन्याले येत होता, आता निळा शर्ट, गळ्यात शिटी. खाली पाहून म्हनते, "भाऊ, प्रायव्हेट प्रॉपर्टी हाये ना."

ऑफिसात गेलो. एसीत मॅडम. "सर, ये प्रायव्हेट प्रॉपर्टी है. टोइंग का चार्ज लगेगा, यार्ड का अलग." म्हनलो, मॅडम, मी ह्याच चिखलात लोळून मोठा झालो. तं म्हने, "तो सातबारा दिखाइए ना सर." आता कुठून दाखवू? सातबाऱ्यावर त्यायचं नाव, अन् ते मीच चढवून दिलं, सही करून, पेढे खाऊन! ज्या जागेच्या पैशानं गाडी घेतली, त्याच जागेवर गाडी उभी केली म्हनून दंड. चिडाचं तं कोनावर चिडू?

ऑटो करून बाबूजीले घेऊन यार्डात गेलो, गोंदियाच्या पार त्या टोकाले. क्रेनवाला तोंडातला खर्रा सांभाळत म्हने, "भैया, मैं क्या करूँ, फोन आया प्रायव्हेट प्रॉपर्टी है, उठा लिया." उचलाचे अलग, उभी ठेवाचे अलग, अन् हँडब्रेक लागला होता म्हनून जास्तीच्या मेहनतीचे अलग! भरले. कायले भांडू? दार उघडलं तं गंज लवंडलेला, भात सीटखाली. बाबूजी वाकून, वरवरचा भात मुठीमुठीनं गंजात भरत राहिले. मले लय वाईट वाटलं हो. आपला म्हातारा बाप असा सीटखाली हात घालून... जाऊ द्या.

परत आलो तं गेट बंद. मुन्नालाल म्हने, प्लॉटवाला नसंल तं आत सोडू नको असं मॅडमनं सांगतलं, प्रायव्हेट प्रॉपर्टी हाये. बाबूजी त्याले हात जोडाले लागले, म्हनले, देवाचं जेवन हाये रे बाबू. मुन्नालालनं इकडं पाहालं, तिकडं पाहालं, गेट जरासं सरकवून गंज आत घेतला, चप्पल काढली अन् मोहाकडं गेला. आमी रोडवरून पाहून राहिलो. तो परत आला तं बाबूजीनं इचारलं, "काही म्हनला काय देव?"

मुन्नालालनं पायात चप्पल घातली, मंग म्हने, "म्हनला, पुढच्या वर्षी गाडी रोडवरच लावजा."

मले हसू बी आलं अन् रडू बी. बाबूजी नाही हसले. गाडीत बसले, काच वर केली, अन् म्हनले, "बरोबर हाये त्याचं. तो बी आता परक्याच्याच जागेत राहून राहिला."