कागदाचा मऊपणा गेला कुठे?

मंडळी, रोज हात जोडता आणि म्हणता — देवा, माझं पाप जाऊ दे. जाऊ दे म्हणजे कुठे जाऊ दे? शेजाऱ्याकडे? हसू नका! पत्ता विचारलाय कधी?

ऐका तर. खारवली गाव, अगदी समुद्राच्या तोंडावर घर. घरात सासू सुगंधाबाई, रसायनशास्त्र शिकलेली सून केतकी आणि तिची तान्ही रेवा. शिकलेली आई कशी असते? पोरगी शिंकली की हिनं खिडकी लावलीच! आता, अंघोळ झाली की बाळाला पडवीत कोवळ्या उन्हात ठेवायची त्या घरची रीत. ऊन हवं, पण खारा वारा नको. म्हणून दिवाळीत केतकीनं पडवीला वरपासून खालपर्यंत पारदर्शक प्लास्टिकचा कागद ठोकला. सासू म्हणाली, पोरगी आहे की बरणीतलं लोणचं? पण सून ऐकते होय?

शिमगा आला. सुगंधाबाई पडवी झाडत होत्या, झाडू लागला आणि कागद पापडासारखा मोडला. त्यांनी तुकडा बोटांत चुरला.

"केतकी, दिवाळीत हा साडीसारखा मऊ होता गो. याचा मऊपणा गेला कुठे?"

साधा प्रश्न! पण सुनेच्या हातातली वाटी तिथंच थांबली. उत्तर तिला पाठ होतं. कागद मऊ राहावा म्हणून त्यात एक रसायन घालतात. ते आत नुसतं पाहुण्यासारखं बसतं, कुणी बांधून ठेवलेलं नसतं. ऊन तापलं की हळूहळू निघतं.

"हवेत गेला, आई."

"कुठल्या हवेत?"

केतकीनं पाळण्याकडे बघितलं.

आणि मग काय केलं असेल या बाईनं? तडक बाजार गाठला आणि त्याहून जाड कागद घेऊन आली! का? तर जुन्या कागदाची हवा बाळाला लागू नये! शिक्षण, मंडळी, शिक्षण!

सासूनं गुंडाळी काढून घेतली आणि त्या पाहुण्या रसायनाची सगळी हकिगत सुनेकडून वदवून घेतली. विचारलं, एवढी समुद्राची हवा, ती त्या रसायनाला मोडत नाही? केतकी म्हणाली, मोडते की. ऊन आणि हवा मिळून त्याचे तुकडे करतात. पण खाऱ्या धुळीच्या कणाला चिकटून बसलं तर ते फार दिवस टिकतं, वाऱ्याबरोबर लांब जातं. आणि तुकडे पुढं काय करतात, ते अजून कुणालाच धड ठाऊक नाही.

"म्हणजे पाहुणा उठला, तो दुसऱ्याच्या घरी जाऊन बसला," सासू म्हणाली.

मग जुना कागद होळीत टाकायचा? छे, सगळाच एकदम हवेत! समुद्रात? तिथून पुन्हा माशात. शेवटी झाकणाच्या पिंपात भरून मागीलदारी सावलीत ठेवला. नवा दुकानदाराला परत. आणि पडवीला लागलं सासूचं जुनं सुती लुगडं. वाऱ्यानं ते फुगलं, रेवा एकदा शिंकली. केतकीचा हात खिडकीकडे गेला — आणि खिडकी न लावताच परत आला.

हसलात ना पोटभर केतकीला? आता जरा मान वर करा. आपल्या डोक्यावर हा निळ्या प्लास्टिकचा मांडव मघापासून कडकड वाजतोय. गेल्या उत्सवाला तो मऊ होता, आठवतंय?

आता घ्या मोठा श्वास, आणि म्हणा — विठ्ठल, विठ्ठल!