मांगं उभं राहणारं माणूस

राजापेठेत वलगावचा ऑटो भरायची वाट पाहत होता. नगमाच्या समोर शाळेच्या गणवेशातली दीक्षा आणि तिचे आजोबा बसले होते. ऑनलाइन बुद्धिबळात दीक्षाच्या शाळेची टीम नुकतीच हरली होती, एवढं नगमाला त्यांच्या बोलण्यातून कळलं.

“दीक्षा, तुह्या हत्तीनं तं वजीर मारला होता. मंग हारली कशी?”

“नेट गेलं, आबाजी.”

“नेट कुठी गेलं? मोबाईलमधून पंच बोलला ना. ‘मागे कोण उभं आहे?’ म्हणे.”

“ते सगळ्याईलेच इचारतात.”

“मी तं वावरातली फवारणी टाकून तुहा डाव पाहाले आलो होतो. पारावर डाव मांडला का आपलं माणूस मांगं उभं राह्यतेच. एक शब्द बोललो का मी?”

“नाही, आबाजी.”

“मंग त्यानं तुहा डाव कावून बंद केला?”

आबाजी तिच्याकडे वाकले.

“खेळताना खोलीत दुसरं कोणी नाही पाह्यजे, असा नियम हाय का?”

“हाय.”

“तुले मालूम होता?”

“हो.”

“चारी पोरींची मेहनत गेली माह्यापायी! मंग मले पाहून बाहेर कावून नाही हाकललं?”

“तुमी येऊन उभे राह्यले, तवाच माहा हात थरथरायचा थांबला होता, आबाजी.”