ढालकिड्याची सोयरीक

माणसांच्या सोयरिकी कुणीबी जुळवील, आमच्या आबांनी किड्याची जुळवली! आबा म्हंजी माझे चुलते. निम्म्या खुटबावची लग्नं त्यांनीच जमवलीत.

यंदा आमच्या कोबीवर मावा पडला, पानापानावर रस पिणारी बारीक कीड. शेतीखात्याच्या मॅडम म्हणल्या, "फवारू नका. ठिपक्यांचे लाल ढालकिडे सोडा. त्यांची पिल्लं मावा फस्त करतात."

आबांनी विचारलं, "नर-मादी कशी वळखायची?"

"मादी जराशी मोठी असते. आणि जोडी लागली, की वरचा नर."

ढालकिडे आमच्याच वावरात होते की! पण आबा म्हणले, "समदे एका पानावरचे, म्हंजी भावकी. भावकीत लगीन लावू व्हय?" आन् गाडी काढून वडगाव रासाईवरनं काडेपेटीत नर घेऊन आले.

जोडी लागली. दोन तास आबा तिकडं पाठ करून बसले, आम्हालाबी बघू देईनात.

पुढं मादीनं घातलेली पिवळी अंडी फुटली, आन् निघाल्या काळ्या, काटेरी, मगरीसारख्या अळ्या! आबांनी फवाऱ्याचा पंपच उचलला. मी मॅडमना फोन लावला. त्या स्पीकरवर ओरडल्या, "आबा, थांबा! हीच ढालकिड्याची पोरं!"

आबांनी पंप खाली ठेवला. वाकून एकेक अळी निरखली.

"बापावर न्हाईत, आईवर न्हाईत," शेवटी म्हणले, "मामावर गेली असतील."